काशा हजेरीवर गेला

काशा, माझा नवरा जाऊन अठरा वर्षं झाली, आणि गेल्या श्रावणात त्याला पोटाचा कॅन्सर झाला. हे तुझं काम.

मी गुडघे दाखवायला कर्जतला आले होते. स्टेशनासमोरच्या दवाखान्यात बाकावर बसले होते. आतली मुलगी दारात आली आणि ओरडली, "धर्मा नामदेव कोण?" मी दचकले. लग्न झाल्यापासून ते नाव मी तोंडातून काढलेलं नाही. तलाठ्याने विचारलं तेव्हाही शेजारणीला सांगायला लावलं. ते नाव त्या पोरीने भरल्या दवाखान्यात घेतलं, आणि कोपऱ्यातून तू उठलास. माझा पाठचा भाऊ. तोंडाला रुमाल, काखेत प्लास्टिकची पिशवी. माझ्याकडे एकदा बघितलंस आणि मान खाली घालून आत गेलास. जसा काही तू खरंच माझा नवरा, आणि आपलं सकाळी भांडण झालेलं.

बाहेर आलास तेव्हा मी पायरीवर उभी होते.

"काय रं, माझ्या नवऱ्याला काय झालं?"

"हळू बोल गं बाय."

"मेलेल्या मानसाला काय झालं ते तरी कळू दे."

"पोटात गाठ हाय." तू पिशवी पाठीमागे लपवलीस. त्यातले फोटो आणि कागद मी बघितलेच होते. "वाईटातली."

"मग नाव का माझ्या मालकाचं?"

"दुसरं सुचलं नाय."

सत्तावन्न वर्षांचा माणूस. गावात दोनशे नावं. तुला मेलेला मेहुणाच सुचला. मेलेल्या माणसाला कुणी काही विचारायला येत नाही, एवढं मात्र तुला बरोबर कळलं होतं.

मग समोरच्या टपरीवर चहा घेऊन तू मला तुझं शहाणपण सांगितलंस. तो चहा तू प्यालाच नाहीस, नुसता धरून बसलास. म्हणालास, "कंपनीत कळता कामा नये. विम्याच्या दवाखान्यात गेलो तर कागद हापिसात जातो. हापिस अनफिट करतं. अनफिट मानसाच्या वारसाला घेत नाय. हजेरीवर असताना गेला तरच घेतात. सदूच्या पोराला घेतलं का नाय? आनि मान्या अनफिट झाला, त्याचा पोरगा घरीच बसलाय ना?"

"हे तुला कुनी सांगितलं?"

"सगळ्यांना म्हायती हाय."

"साहेबाला इचारलंस?"

"इचारलं की त्याला संशय येईल. डोकं हाय का तुला?"

डोकं तुझ्याकडे होतं. मी डॉक्टरचं विचारलं. डॉक्टर म्हणाला होता, ऑपरेशन करू, मग सलाईनमधून औषध देऊ. पुरता बरा होणार नाहीस, पण दोनेक वर्षं बरी जातील, दुखणं ताब्यात राहील. तू त्याला काय म्हणालास? विचार करून सांगतो. आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा फर्स्ट शिफ्टच्या लोकांबरोबर साजगावला कामावर जायला लागलास, कागदाची रिळं उचलायला.

मग पोरीवर आलास. "प्रणालीला परमनंट लागली की झालं." "त्या रिसॉर्टात कवर वाकून नमस्कार करत बसंल?"

"तिला इचारलंस?"

"तिला काय इचारायचं? परमनंट हाय."

यावर आपण भांडलो. ते भांडण अर्धंच राहिलं, कारण तुला आतून कळ आली आणि तू टपरीच्या खांबाला धरलंस. कळ गेल्यावर तू भांडण पुढे चालवलं नाहीस. तू मला प्रणालीची आन घातलीस. "तिला सांगशील तर तिची आन हाय तुला."

असं करतात भित्री माणसं. स्वतःच्या पोरीला आडवी घालतात आणि मागे लपतात.

पोर माझी होती, काशा. जन्म तू दिलास, पण तिची आई गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि त्या दिवसापासून कळंबला माझ्या घरी वाढली. तिची वेणी मी घातली. शाळेत मी सोडलं. तू रविवारी यायचास, खिशात चिक्की, आणि संध्याकाळी जायचास. मी काही बोलले नाही, कारण माझा नवरा गेला त्या वर्षी तूही काही बोलला नव्हतास. नुसता आलास. तीन पावसाळे माझी लावणी तू केलीस. रात्रपाळी करून सकाळी थेट चिखलात उतरायचास. मी भाकरी घेऊन बांधावर आले की म्हणायचास, "मीठ कमी हाय." तेवढंच बोलायचास. दुसऱ्या कुणी तीन वर्षं अशी केली असती तर मी त्याच्या पाया पडले असते. तुझ्या नाही पडले. मीठ जास्त घातलं.

आणि तुझ्यामुळे माझी शाळा सुटली हेही आहे. मी चौथीत होते तेव्हा तू झालास, आई शेतावर जायची, तुला घ्यायला मी घरी राहिले. त्याचा राग पुष्कळ वर्षं होता. आता कधी गेला ते आठवत नाही.

लपवण्याची खोड तुला तेव्हापासूनची. पाच वर्षांचा होतास, कुंपणाचा खिळा पायात घुसला. इंजेक्शन देतील म्हणून आठ दिवस फडकं गुंडाळून फिरलास. खोलीत घाण वास यायला लागला तेव्हा कळलं. आईने तुला मारलं आणि मलाही मारलं, लक्ष नाही म्हणून. तू रडत म्हणालास, "माझं मला दुखत होतं, तुमाला काय?" काशा, तू साठीला आलास आणि तुझी अक्कल त्याच खिळ्यापाशी राहिली. तुझं तुला दुखतं, आम्हाला काय. असंच ना?

मी सात महिने गप्प बसले. ही माझी लाज आहे, ती तुझ्यावर ढकलणार नाही. प्रणाली रोज माझ्या शेजारी झोपायची. सकाळी स्कूटीवर रिसॉर्टला जायची. रविवारी तू आलास आणि गेलास की म्हणायची, "आत्या, बाबा बारीक झालेत गं." पावसात मी म्हटलं, पावसात माणूस उतरतोच. थंडीत म्हटलं, थंडीत कुणाला भूक लागते? उन्हाळा लागला तेव्हा म्हटलं, ऊन बघितलंस का. एका माणसाच्या आजाराला मी तिन्ही ऋतू कामाला लावले. आन मोडली तर पोरीला काही होईल, ही भीती होतीच. मी खोटं बोलत नाही, ती भीती मला खरोखर होती. इतकी वर्षं मी लोकांच्या आणाभाकांना हसत आले आणि माझ्यावर आली तेव्हा एक शब्द बाहेर काढला नाही.

तुझ्या खात्यातली माणसंही तुझ्यासारखीच. त्यांना सगळं माहीत होतं. तुझ्या वाटणीचं ते उचलायचे आणि तुला रिळांच्या मागे पुठ्ठ्यावर निजवायचे. सुपरवायझर आला की एकजण खोकायचा, तू उठून उभा राहायचास. पोटाला ओला टॉवेल बांधायचास, वर शर्ट. त्यांना वाटलं ते तुला मदत करतायत. एकानेही तुला उचलून विम्याच्या दवाखान्यात टाकलं नाही. ते म्हणतात, "आत्याबाई, त्याची इच्छा होती." एवढे बाप्ये, सगळे मिळून एका मरत्या माणसाचं ऐकत बसले.

शेवटी तुझ्या मनासारखं झालं. फाल्गुनात, सकाळी सातला, तू कार्ड पंच केलंस, कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसलास, एका बुटातून पाय ओढून काढलास आणि मेलास. दुसरा बूट पायातच होता. मी तो नंतर सोडवला. नाडीला गाठी मारल्या होत्या, वाकता येत नव्हतं म्हणून ती नाडी तू बरेच दिवस सोडलीच नसशील. पाय नुसता आत कोंबत असशील.

लोक मला सांगायला आले, "हजेरीवर गेला हो काशिनाथ." जसा काही किल्ला जिंकून गेला.

नाक्यावर तुझा फ्लेक्स लागला. फोटो कुणाच्या तरी लग्नातला, डोळ्यावर काळा गॉगल. तो गॉगल तुझा नव्हता. खाली दुःखात असलेल्या लोकांचे फोटो, त्यातल्या अर्ध्यांना तू नमस्कारही करत नव्हतास. युनियनच्या पुढाऱ्याने मसणात माईक आणला. माईक, काशा. चिता पेटायच्या आधी. तो म्हणाला, "काशिनाथभाऊंनी पोटात कॅन्सर असताना, एक शब्द न काढता, मुलीच्या भविष्यासाठी शेवटच्या श्वासापर्यंत काम केलं. बाप असावा तर असा!"

तुझ्या मुलीला तुझा आजार तिथे कळला. माईकवरून.

तिने माझ्याकडे बघितलं. "आत्या, तुला माहीत होतं?"

"हो."

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी ताट समोर ठेवायचे, ती जेवायची, ताट धुऊन ठेवायची. बरोबर केलं तिने. मी तिच्या जागी असते तर महिनाभर बोलले नसते.

तेरावं झालं आणि कंपनीचा माणूस वारसाचा फॉर्म घेऊन आला. महिन्याच्या आत सही करून द्यायचा. प्रणालीने तो देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघेना. मग तुझे भाऊबंद जमले. पांडू सगळ्यात पुढे. त्या सात महिन्यांत त्याने एकदा तरी तोंड दाखवलं का? नाही. आता मात्र मांडी घालून बसला.

"बापानं तुझ्यासाठी पोट जाळलं, आनि तुला पेन उचलत नाय?"

प्रणालीने त्याच्यासमोर चहा ठेवला.

"तोंडात गुळनी धरलीय का? सही कर पोरी. त्याचा आत्मा तिष्ठत असंल."

मी म्हटलं, "पांडू, त्याला जिता असताना भेटायला तुला येळ नव्हता, आनि आता त्याचा आत्मा तुला भेटतो व्हय? चहा पी आनि नीघ."

तो निघाला, पण उंबऱ्यात थांबून म्हणालाच, "हिला बापाची किंमत नाय."

त्या संध्याकाळी ती बोलली. "आत्या, सही केली तर बाबांनी केलं ते बरोबर होतं, असं होईल. नाही केली तर ते फुकट मेले असं होईल. मी काय करू?"

मी तिला म्हटलं, मी जाऊन मुदत वाढवून मागते. दुसऱ्या दिवशी टमटम बदलत बदलत साजगावला गेले, तुझ्या कंपनीच्या ऑफिसात. तिथला साहेब कोवळा होता, मिशा नुकत्याच आलेल्या. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सांगितलं की पोरगी अजून दुःखात आहे. तो म्हणाला, "चालेल आजी, पंधरा दिवस आणखी घ्या. नोकरी कुठे जात नाही."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "त्यानं आजार लपवला म्हनून तरी मिळाली. अनफिट झाला असता तर गेलीच होती."

"कोण म्हणालं?" तो पोरगा गोंधळला. "अनफिट झाले तरी वारसाला घेतो आपण. करारात आहे. उलट त्यांना पगारी रजा मिळाली असती, उपचार मिळाले असते. हे सगळं कँटीनच्या दाराशी लावलंय, आजी."

"मग मान्याच्या पोराला का नाय घेतलं?"

"तो आलाच नाही. दोन पत्रं पाठवली आम्ही. त्याला कारखान्यात यायचंच नव्हतं."

मी कँटीनच्या दाराशी गेले. काचेची पेटी आहे, काचेवर धूळ. मी पदराने काच पुसली. गुडघे दुखत होते, तरी उभ्याने वाचलं, अक्षराला बोट लावून. तिसरं कलम. मरण पावलेल्या किंवा कामास कायमचा अपात्र ठरलेल्या कामगाराच्या एका वारसास. चौथी शिकलेल्या बाईला ते वाचायला चहा निवायला लागतो तेवढा वेळ लागला. तू सातवी पास. सव्वीस वर्षं रोज त्या दारातून चहाला जात होतास. तू आणि तुझं ते सगळं खातं. तुम्ही सदूचा पोरगा बघितलात, मान्याचा पोरगा बघितलात, आणि त्यावरून कायदा बनवलात. तुम्हाला माणसं वाचता येतात म्हणे, कागद कशाला वाचायचा.

तिथे दारात मी तुला शिव्या दिल्या. चहा पिणारे लोक बघत राहिले. एकाने मला ओळखलं, उठून उभा राहिला. मी त्याला बोटाने ते कलम दाखवलं आणि निघाले. मागे वळून बघितलं तेव्हा तो काचेला नाक लावून वाचत होता.

परत येताना टमटममध्ये मला दुसराच प्रश्न पडला. हे पोरीला सांगायचं का? बाप गेला, पण माझ्यासाठी गेला, एवढा एक टेकू तिला होता. तो मी काढला तर तिच्याकडे काय उरतं? एक मूर्ख माणूस, ज्याने दोन वर्षं विनाकारण फेकून दिली. घरी आले. ती म्हणाली, "दिली मुदत?" मी म्हटलं, "दिली." दुसरं काही बोलले नाही. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. म्हणजे मीही तेच करत होते ना, काशा? तिच्या भल्यासाठी तिच्यापासून लपवत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुताना मला माझी किळस आली.

दुपारी आम्ही वाल सोलत बसलो होतो. मोड आलेले, गरम पाण्यात टाकलेले. तिने साल काढून एकेक डाळिंबी परातीत टाकायची, मीही. मी सांगितलं. साहेब काय म्हणाला, काचेत काय लिहिलंय, मान्याच्या पोराचं काय झालं. सगळं. मधे थांबले नाही आणि मऊ करून सांगितलं नाही.

तिचे हात चालूच होते. मग म्हणाली, "तू स्वतः वाचलंस?"

"बोट लावून वाचलं."

"त्यांनी दवाखाना केला असता, तरी मिळाली असती?"

"मिळाली असती."

"आणि ते असते? अजून दोन वर्षं?"

"डॉक्टर म्हनाला होता तसं. देवाला म्हायती."

तिने परात ढकलली. वाल ओटीभर पसरले. रडली ती, दात खाऊन रडली, आणि तुला जे बोलली ते मी सांगणार नाही. मुलीने बापाला बोलू नयेत असे शब्द होते, आणि मला त्यातला एकही खोटा वाटला नाही. मी पाठीवर हात ठेवला नाही. रागाला थोपटायचं नसतं. मी सांडलेले वाल गोळा करत बसले.

बऱ्याच वेळाने तिने पदर नसलेल्या पोरी करतात तसं बाहीने नाक पुसलं.

"म्हणजे आत्या, ही नोकरी त्यांच्या मरणाने नाही मिळालेली."

मला पहिल्यांदा कळलं नाही ती काय म्हणतेय.

"ते मेले नसते तरी मिळाली असती. रजा घेऊन घरात झोपून राहिले असते तरी मिळाली असती. त्यांच्या मरणाचा आणि हिचा काही संबंधच नाही ना?"

"नाय," मी म्हटलं. "काय बी संबंध नाय."

"मग मला चालेल."

उठली, हात धुतले, फळीवरचा फॉर्म घेतला आणि उंबऱ्यात बसून भरायला लागली. नाव, जन्म, शिक्षण, सगळं स्वच्छ अक्षरात. कामाचं खातं लिहायचं होतं तिथे मला विचारलं, "पॅकिंग लिहू का लॅब?" मी म्हटलं, "तुला काय पायजे ते लिही." ती थोडा वेळ पेन चावत बसली. मग तिने लॅब लिहिलं. एवढंच विचारायचं होतं रं तिला. गेल्या श्रावणात, कुणीतरी.

वडिलांच्या मृत्यूचं कारण अशी एक ओळ होती. तिथे तिने लिहिलं, पोटाचा कॅन्सर. तुझ्या नावापुढे. तो आजार माझ्या नवऱ्याच्या नावावरून उतरला, बरं झालं.

पांडूला मी सांगणार नाही, तो म्हणो हवं ते. तुझी खात्यातली माणसं अजून म्हणतात, काशाने पोरीसाठी जीव दिला. देऊ देत दाखले. तू जीव दिलास, पण तिने तो घेतला नाही. तिने नोकरी घेतली. तुझं मरण इथे कुणालाच नको होतं, काशा. ते तुझं तुझ्यापाशीच ठेव.